एकतीस ट्रंकांचं वाचनालय

रविवार, २ जुलै २०२३

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आज पुन्हा बाकावर बसलो. बाक लहान आणि पोट मोठं, त्यामुळे श्वास बेतानं घ्यावा लागला. साताऱ्याचा ग्रंथालय प्रशिक्षण वर्ग, सहा महिने, दर रविवारी. आम्ही बावीस जण आहोत. त्यांतले एकवीस माझ्या पोरांच्या वयाचे.

शिकवायला धम्मपाल सर आहेत. सांगलीचे, वय असेल बत्तीस-तेहतीस. म्हणाले, "प्रत्येकानं दैनंदिनी ठेवायची. रोज नको, घडेल तेव्हा. पण खरं लिहायचं." चोवीस वर्षं सैन्यात क्लार्क होतो, हवालदार होऊन बाहेर पडलो. मला नोंद ठेवायला शिकवणारा हा पहिलाच. पण हुकूम तो हुकूम.

तर नोंद. नाव ज्ञानदेव, गावात ज्ञानू हवालदार. गाव कुरणवाडी, वडूजपासून नऊ किलोमीटर. घरटी एक माणूस फौजेत, म्हणून वाचनालयाचं नाव जवान वाचनालय. तिथे दहा वर्षं मी ग्रंथपाल आहे. आमच्या वाचनालयासारखं वाचनालय जिल्ह्यात नाही, हे मी छातीठोक सांगतो. गावचा फौजी वारला की त्याची काळी ट्रंक घरचे वाचनालयाला देतात. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आत त्याची पुस्तकं, वह्या, पत्रं, जे असेल ते. अशा एकतीस ट्रंका झाल्या आहेत. कपाट विकत घ्यायची वेळच आली नाही. लोक पुस्तक मागतात तेही तसंच: "हणमंत सुभेदाराच्या ट्रंकेतलं ते विहिरीचं पुस्तक दे."

अध्यक्ष लालासाहेबांनी बजावून पाठवलं आहे. प्रशिक्षित ग्रंथपाल असेल तरच वाचनालयाचा वर्ग, म्हणजे सरकारी दर्जा, वाढणार. "ज्ञानू, गड्या, गावाची इज्जत तुज्या हातात हाय," म्हणाले. इज्जत नीट सांभाळीन.

रविवार, ३० जुलै

वर्गीकरण सुरू झालं आणि मला माझं घर सापडलं. जगातल्या प्रत्येक विषयाला नंबर! शेती ६३०, सैन्य ३५५, मराठी साहित्य ८९१.४६. म्हणजे पुस्तकांची पलटण. ज्याची त्याची कंपनी, ज्याचा त्याचा नंबर, कोण कुठे उभा राहणार ते ठरलेलं. एवढी शिस्त जगात होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

पिंकी नावाची एक पोरगी कोयनानगरहून येते, पहाटेच्या एसटीनं. तिनं सरांना विचारलं, "सर, एका पुस्तकात दोन विषय असले तर?" मी मनात म्हणालो, दोन नंबरचा जवान असतो का कुठे? सर मात्र तिच्या प्रश्नावर अर्धा तास बोलले.

घरी येऊन राणीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आवं, मग मला कुठला नंबर?" मी पुस्तक उघडून बघितलं. स्वयंपाक ६४१. ती म्हणाली, "निस्ता स्वयंपाक? तुमचं पाय चेपते ती कोन?" या बाईला कशाचंच गांभीर्य नाही.

रविवार, २० ऑगस्ट

आज सगळा वर्ग सांगलीला. कृष्णाकाठचं एक जुनं ग्रंथालय. २०१९च्या पुरात इथं छातीभर पाणी होतं. धम्मपाल सर तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले. भिजलेले कागद टीपकागदात घालून, पंख्याखाली वाळवून, त्यांनी चार महिने खपून वाचवले. ते बोलताना त्यांचा आवाज बदलला. मलाही गलबलून आलं. कागदासाठी माणूस इतका झटतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग ते जुन्या कागदपत्रांबद्दल बोलले. "छापील पुस्तक कुठेही ठेवा, नंबर लावला की सापडतं. पण एका माणसाचे कागद ज्या क्रमानं मिळाले त्याच क्रमानं ठेवायचे. त्या क्रमालासुद्धा काही सांगायचं असतं." सगळ्यांनी लिहून घेतलं. मी नाही घेतलं. हे पुराच्या गावांसाठी आहे. आमच्या खटाव तालुक्यात प्यायला टँकर येतो, पूर कुठला येतोय?

गुरुवार, २८ सप्टेंबर

आज विशेष काही नाही. भरतीची पोरं सकाळपासून गणिताची पुस्तकं घेऊन बसली होती. रंगूकाकी नेहमीप्रमाणे दुपारी आल्या. सत्तरी ओलांडली आहे, अक्षरओळख नाही. त्यांचा सिद्धू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा. ९८ साली सिक्कीमकडे दरड कोसळून गेला. दर गुरुवारी त्या येतात, सिद्धूची ट्रंक उघडतात, बुटाच्या नाडीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा सोडतात, एकेक पत्र बाजूला ठेवतात, पुन्हा तसंच बांधतात. तास दीड तास. वाचता येत नाही तर बघायचं काय असतं कळत नाही. म्हातारपण, दुसरं काय. मी त्यांना चहा देतो.

सोमवार, १३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी होती, पण मी घरी बसणाऱ्यांतला नाही. वर्गाचा प्रकल्प आहे: आपल्याच ग्रंथालयाची पुनर्रचना, डिसेंबरात परीक्षक गावी येऊन तपासणार. बाकीचे एखादं कपाट लावतील. मी पाच दिवसांत एकतीसच्या एकतीस ट्रंका रिकाम्या केल्या. लालासाहेबांनी वडूजहून लोखंडी रॅक आणून दिले. एक हजार चारशे सहा पुस्तकांना नंबर, चिठ्ठी, जागा. लक्ष्मीपूजनाला राणीनं दोनदा बोलावणं धाडलं, तिसऱ्यांदा स्वतः आली. मला पुस्तकांच्या ढिगात बघून म्हणाली, "लक्ष्मी गेली तुमची वाट बघून." तरी करंज्या ठेवून गेली.

कागदपत्रांचंही मनासारखं काम झालं. सगळ्यांची पत्रं काढली, तारखेनं लावली, पंच करून टॅग घातले. कंपनी ऑफिसात याहून नीट फाईल कुणी बघितली नसेल. सिद्धूच्या गठ्ठ्यात एकोणीस पत्रं निघाली. सगळी रंगूकाकींनी त्याला पाठवलेली, लालासाहेबांच्या अक्षरात. तेव्हा अर्ध्या गावाची पत्रं लालासाहेबच लिहीत. सगळ्यांत वरचं पत्र घड्यांवर पार फाटलं होतं. त्याला सेलोटेप लावून मजबूत केलं. नाडी कुजली होती, टाकून दिली.

रिकाम्या ट्रंका मागच्या खोलीत रचल्या. आधीचा फोटो, नंतरचा फोटो काढला. दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो. आनंद झाला, खरंच झाला. लिहायला लाज कशाची?

गुरुवार, १६ नोव्हेंबर

रंगूकाकी आल्या. दारातच थांबल्या. "ट्रंका कुटं गेल्या रं?"

मी त्यांना हाताला धरून रॅकपाशी नेलं, फाईल दाखवली. "काकी, आता सगळं तारखेवार आहे. पहिलं पत्र ९३चं, शेवटचं ९८चं. एकही हरवणार नाही."

त्यांनी फाईल उघडली. पानं उलटली, पुन्हा उलटली. टॅगमुळे पत्रं सुटी होईनात. मग फाईल मिटून माझ्या हातात दिली. "बरं केलंस," म्हणाल्या आणि निघाल्या. चहा घेतला नाही.

नवीन गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो. पुढच्या गुरुवारी बघा.

रविवार, १९ नोव्हेंबर

वर्गात फोटो दाखवले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पिंकी म्हणाली, "काका, एकट्यानं? पाच दिवसांत?" मी म्हणालो, फौजेत असंच असतं.

धम्मपाल सर फोटो बराच वेळ बघत होते. त्यांनी विचारलं, "ट्रंकेतल्या कागदांचा आधीचा क्रम टिपून ठेवला होतात का?"

"आधी क्रम नव्हताच सर. आता तारखेनं लावलाय."

ते म्हणाले, "हवालदार साहेब, मी पुढच्या रविवारी तुमच्या गावी आलो तर चालेल? वर्ग लवकर संपवून निघू."

बावीस जणांत फक्त माझं काम बघायला सर स्वतः येणार! येताना कंदी पेढे घेतले आणि लालासाहेबांच्या घरी देऊन आलो.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

कटकट सुरू झाली आहे. सकाळी एक जण आला: "हणमंत सुभेदाराच्या ट्रंकेतलं विहिरीचं पुस्तक."

"विषय सांग."

"विहीर."

"लेखक?"

"मला काय म्हाईत? हणमंत सुभेदार."

अर्धा तास शोधलं. शेवटी ६३०च्या रॅकमध्ये अगदी योग्य जागी सापडलं. तरी तो म्हणाला, "पैल्यांदा दोन मिन्टात घावायचं." असे आज सात जण आले. शिस्त नको असते लोकांना.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

रंगूकाकी आल्या नाहीत. त्यांच्याऐवजी त्यांचा पुतण्या वीरधवल आला. उसाला पाणी द्यायच्या पाळीतून उठून आला असावा, पायाला चिखल तसाच.

"हवालदार, काकीची ट्रंक परत पायजे. पत्रांसकट."

"का रे? काय झालं?"

"ती सांगत न्हाई. दोन दिस जेवली न्हाई नीट. निस्ती म्हनती, आता तितं काय ऱ्हायलं न्हाई."

मी म्हणालो, ट्रंक वाचनालयाला दिली आहे, नोंदवहीत नोंद आहे, अशी परत देता येत नाही. तो दारापर्यंत गेला. मग म्हणाला, "काकीनं ट्रंक न्हेली तर बाकीचं बी न्हेणार हायत. समदी तिच्याकडं बघत्यात."

संध्याकाळी लालासाहेब धावत आले. एकतीस ट्रंका गेल्या तर वाचनालयात उरतं काय? भरतीची गाईडं! पुस्तकांची संख्या वर्गवाढीला पुरायची नाही आणि माझी परीक्षा कुठल्या वाचनालयासाठी द्यायची? मला राग आला, सगळ्या गावाचा. पाच दिवस राबलो त्याचं हे बक्षीस. राणीला म्हणालो, माझं काय चुकलं सांग. ती म्हणाली, "मला काय इचारताय? जिचं चुकवलंय तिला इचारा."

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

आज जे कळलं ते जसंच्या तसं लिहितो. सरांनी खरं लिहायला सांगितलं आहे.

फाईल घेऊन रंगूकाकींकडे गेलो. त्या ओसरीवर घेवडा सोलत होत्या. बसायला पोतं दिलं. मी म्हणालो, "काकी, पत्रं सगळी आहेत. मोजून एकोणीस. तुम्हांला वाचता येत नाही, मग क्रमानं काय फरक पडतो?"

"मला वाचता येत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. घेवडा बाजूला सारला. "पत्र मी सांगितलेली हायत. लालासायबानं निस्ती लिवली. कुठल्या पत्रात काय हाय ते मला इचार."

मी पहिलं पत्र उघडलं. एक ओळ वाचली आणि उरलेलं पत्र त्यांनी डोळे मिटून म्हटलं. अक्षर चुकलं नाही. दुसरं तसंच. तिसरं तसंच. माझा आवाज बारीक होत गेला.

मग म्हणाल्या, "मी काय बोलले ते मला ठावं हाय. त्येनं काय केलं ते त्या गठ्ठ्यात हुतं."

मला कळेना. त्यांनी सांगितलं. प्रत्येक पत्राच्या शेवटी त्या कुंकवाचं बोट उठवायच्या. आईची सही. एका पत्रावर मात्र उठवलं नाही, कारण त्या दिवशी त्या भयंकर चिडल्या होत्या. दिवाळीला येतो म्हणून सिद्धू आला नव्हता. लालासाहेबांना म्हणाल्या, कडक लिही. पुढं ते पत्र त्यांच्या जिवाला लागून राहिलं. पोरगं तिकडं बर्फात आणि आपण शिव्या दिल्या. त्यानंतर तीन महिन्यांनी तो गेला.

"ट्रंक आली. वरीसभर हात लावला न्हाई मी. मग एक दिस नाडी सोडली. तर समद्यात वर बिनबोटाचं पत्र, ज्ञानू. त्येच. घडीवर फाटल्यालं. बाकीची कोरी करकरीत. माझ्या शिव्याच त्येनं रोज वाचल्या रं. त्येला राग आला न्हवता."

पुढं म्हणाल्या, "त्येच्या खाली बैलाचं पत्र. त्येच्या खाली जत्रेचं. त्येला काय काय आवडायचं ते मला वरनं खाली कळायचं. पोरगं माझ्याशी बोलायचं दर गुरवारी."

मी सैन्यात असताना मेलेल्या जवानांच्या सामानाच्या याद्या केल्या आहेत. "पत्रे, गठ्ठा, एक." असंच लिहायचं, गठ्ठा सोडायचा नाही, हा नियम होता. सिद्धूच्या पलटणीतल्या कुणा क्लार्कनं तो पाळला. म्हणून त्यानं बांधलेली गाठ त्याच्या आईपर्यंत पोचली. आतला क्रम तिनं पंचवीस वर्षं जपला. तो मी मोडला. नाडी कुजकी म्हणून टाकली.

उठताना मी म्हणालो, ट्रंक केव्हा न्यायची ते सांगा, मी स्वतः आणून देतो. त्या म्हणाल्या, "परीक्षेचं सायब येऊन जाऊंदेत. तुजं नुकसान करायचं न्हाई मला."

रंगूकाकींच्या त्या गुरुवारच्या तासाला मी म्हातारपण म्हटलं होतं. मागचं पान फाडून टाकावंसं वाटलं. नाही फाडलं.

रविवार, २६ नोव्हेंबर

धम्मपाल सर आले. वाटेतच त्यांना सगळं सांगितलं, एसटीत, लोकांसमोर.  ते म्हणाले, "मला फोटो बघूनच भीती वाटली होती." म्हणजे ते माझं कौतुक करायला येणार नव्हते. बरं झालं, उशिरा कळलं. नाहीतर आणलंच नसतं त्यांना.

आल्या आल्या फाईल पुढं घेतली. सेलोटेप बघून त्यांनी डोळेच मिटले. पंचाची भोकं बघून म्हणाले, "ही आता राहणार. लपवू नका." मग खिशातून भिंग काढलं. नाडी जिथं आवळली होती तिथं कागदावर बारीक दाब उरला होता. वरच्या पत्रांवर ठसठशीत, मधल्यांवर पुसट, तळच्यावर पुन्हा ठसठशीत. काही पत्रांवर शेजारच्या पत्राचं कुंकू उमटलं होतं. उलटं, फिकट गुलाबी. म्हणजे कोण कुणाला टेकून होतं ते कळत होतं. मी चोवीस वर्षं कागद हाताळले आणि कागदाकडे कधी बघितलं नव्हतं.

"क्रम परत लागेल, सर?"

"काही कागद सांगतील. बाकीचं त्या बाई सांगतील. पण त्यांना विचारायचं धाडस तुमचं तुम्ही करायचं."

गुरुवार, ३० नोव्हेंबर

चार दिवस रोज रंगूकाकींच्या ओसरीवर. मी पत्र वाचायचं, त्या जागा सांगायच्या. "ह्ये आंब्याच्या लोणच्याचं. वरनं पाचवं. त्येला निळा कागद हुता." मी सरांचं भिंग लावून कुंकू जुळतं का बघायचं. चौदा वेळा जुळलं. प्रत्येक वेळी मी मोठ्यानं "बरोबर!" म्हणायचो आणि त्या म्हणायच्या, "बरुबर तर हायच. तू कशाला वरडतोस?"

सतरा पत्रं लागली. दोन राहिली. दोन्ही आंतरदेशीय, दोन्हींत नुसती खुशाली. त्यांचा दाबही सारखा आणि कुंकूही सारखं. त्या बराच वेळ दोन्ही हातांत धरून बसल्या. "ही कुटं हुती ते मला बी आटवंना आता," म्हणाल्या.  मी रचलेली फाईल नसती तर त्यांना आठवावं लागलंच नसतं.

बाकीच्या तीस घरांतही जाऊन आलो. काही ठिकाणी बोलणी खाल्ली. हणमंत सुभेदारांच्या लेकानं दारातच उभं केलं आणि सरळ विचारलं, "आमच्या आबाच्या वहीला भोक कुनी पाडलं?" मी पाडलं, म्हणालो. तेवढ्यानं त्यानं आत घेतलं. पत्रं आणि वह्या ज्याच्या त्याच्या ट्रंकेत परत गेल्या. ट्रंका पुन्हा पुढच्या खोलीत आल्या, रॅकच्या समोर.

पुस्तकं मात्र नंबरानंच राहणार. त्यावर मी अडून बसलो आणि सर माझ्या बाजूनं आहेत. फक्त नोंदवहीवरून प्रत्येक पुस्तकाचं दुसरं तालिका पत्र, म्हणजे यादीचं कार्ड, केलं, ट्रंकेच्या नावानं. एक हजार चारशे सहा कार्डं. पिंकी दोन दिवस राहून मदत करून गेली. आता विषय सांगा, लेखक सांगा किंवा हणमंत सुभेदार सांगा, दोन मिनिटांत पुस्तक हातात. आज तो विहिरीवाला आला होता. मी घड्याळ लावलं. पन्नास सेकंद लागले! तो म्हणाला, "हां, आता बरं हाय." एकाच पुस्तकाला दोन वाटा असू शकतात, हे पिंकीला जुलैतच कळलं होतं.

मंगळवार, ५ डिसेंबर

प्रकल्प लिहायला घेतला. लालासाहेब शेजारी बसून होते. "ज्ञानू, दिवाळीतलं फोटू लाव. चूक कशाला लिवतो? बाहेरच्या परीक्षकाला काय ठावं? नापास झालास तर गावाचं काय?"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. जन्मात माझ्या नावापुढे लाल शेरा लागलेला नाही. कागदावर स्वतःची चूक लिहायची म्हणजे आपल्या हातानं बिल्ला काढून देण्यासारखं. दोन पानं लिहिली, सफाईदार, सगळं छान छान. वाचून बघितली. मग वाटलं, पन्नास वर्षांनी कुणी ती ट्रंक उघडली आणि भोकं पाहिली तर त्याला वाटेल सिद्धूनं पाडली.

पानं बाजूला ठेवली. सिद्धूच्या पत्रांसाठी आधी एक चिठ्ठी लिहिली: "ही पत्रे कै. सिद्धनाथ यांनी स्वतः लावलेल्या क्रमाने होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रंथपाल ज्ञानदेव यांनी अज्ञानाने तो क्रम मोडला. भोके व चिकटपट्टी त्यांचीच. सतरा पत्रांचा क्रम श्रीमती रंगूबाई यांनी स्मरणाने परत लावला. दोन पत्रांची जागा ठाऊक नाही. ती वेगळी ठेवली आहेत." खाली सही केली. नोकरीत हजारो सह्या केल्या, त्यांत ही सगळ्यांत सुबक आली. त्या चिठ्ठीपासूनच मग प्रकल्प सुरू केला.

लालासाहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली.  जाताना म्हणाले, "अक्षार चांगलं हाय तुजं. माज्याएवडं न्हाई."

रविवार, १७ डिसेंबर

आज प्रात्यक्षिक परीक्षा झाली. लिहून मगच जेवणार.

परीक्षक बाई पुण्याकडच्या, सोबत धम्मपाल सर. वाचनालयात मुंगीला जागा नव्हती. भरतीची पोरं भिंतीला लागून उभी. लालासाहेब फेटा बांधून आलेले. रंगूकाकी सिद्धूच्या ट्रंकेपाशी बसलेल्या. आणि बाहेर वीरधवलची पिकअप, मागचं फाळकं उघडं टाकून उभी. परीक्षा झाली की ट्रंक जायची, ठरल्याप्रमाणे. बाकीच्या घरांतली माणसंही अंगणात थांबलेली. कशासाठी ते सांगायला नको.

परीक्षक बाईंनी वर्गीकरण तपासलं. तीन नंबर चुकलेले काढले. मी मान्य केलं. दुसरी तालिका बघून त्यांनी भुवया उंचावल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. मग सिद्धूची ट्रंक उघडली. माझी चिठ्ठी वाचली. पत्रांच्या तारखा बघितल्या.

"९७चं पत्र वर, मग ९४, मग ९६. याला तुम्ही क्रम म्हणता? पुरावा काय?"

मी भिंग काढलं. कुंकवाचे ठसे दाखवले, नाडीचा दाब दाखवला. त्या ऐकत होत्या, पण पटलेलं दिसत नव्हतं. म्हणाल्या, "हे तुम्ही कसंही जुळवू शकता."

रंगूकाकी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ज्ञानू, वरचं वाच."

मी पत्र उचललं. सेलोटेप चकाकत होती. उभा राहून वाचलं:

"सिद्धू, ह्या पत्रावर बोट उठवनार न्हाई. तू दिवाळीला येतो म्हनलास. मी तीन दिस यष्टीला गेले. कंडाक्टर बी वळखाय लागला. म्हनला, मावशी, आज बी न्हाई. रजा मिळत न्हाई तर तसं लिवायचं. आयला खोटं लिवायचं न्हाई. मी काय एका दिवाळीनं मरत न्हाई. तुज्या सायबाला सांग, माज्या आयला लय राग आलाय. करंज्या समद्या वाटून टाकल्या. तुला एक बी ठेवली न्हाई. दोन ठेवल्यात. म्हस व्याली. रेडकाचं नाव तू आल्याबिगर ठेवनार न्हाई. तवर त्येला नुसतं ये म्हनती. ये."

पत्र तिथेच संपतं. खाली कोरी जागा आहे.

मी वाचत असताना काकींचे ओठ हलत होते, एक शब्द माझ्यापुढे. शेवटचं "ये" त्यांनी आधी म्हटलं आणि मी नंतर. परीक्षक बाईंनी ते पाहिलं. त्यांनी पत्र हातात घेतलं नाही, नुसतं वाकून त्या फाटलेल्या घड्यांकडे बघितलं. एकेका घडीवरून बोट न टेकवता फिरवलं. मग वही मिटली. "मला आणखी काही विचारायचं नाही," म्हणाल्या. पास की नापास, ते काही बोलल्या नाहीत.

वीरधवल आत आला. "काकी, चल. उचलू का?"

रंगूकाकींनी पत्र माझ्या हातातून घेतलं, वर ठेवलं. नवी नाडी आणली होती त्यांनी, पदराला बांधून. गठ्ठा बांधला. गाठ मारली, झाकण लावलं. मग माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. परेडला उभं केल्यासारखं वाटलं मला.

"गाडी न्ये माघारी," त्या वीरधवलला म्हणाल्या. "ट्रंक हितंच ऱ्हाऊंदे. ह्येला आता वाचाय याय लागलंय."

अंगणातली माणसं एकेक करून पांगली. पिकअपचं फाळकं वीरधवलनं धाडकन लावलं आणि गाडी वळवली. धम्मपाल सरांनी सगळ्यांसमोर मला सॅल्यूट केला, चुकीच्या हातानं. मी बरोबर हातानं परत केला. निकाल जानेवारीत लागेल म्हणतात. लागू दे सावकाश.